डाव्या सीटसाठी लावलेला आवाज

दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो हमखास चुकीचा असतो. ‘किती वॉटचा आहे?’ सबवूफर म्हणजे गाडीच्या डिक्कीत बसणारा परातीएवढा स्पीकर, फक्त खालचे, जाड आवाज काढणारा. त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत वॉट छापलेले असतात. क्षणभर सोसता येणारा धक्का वेगळा आणि रोज पेलता येणारं ओझं वेगळं. खोक्यावर नेहमी धक्क्याचा आकडा असतो. लग्न ठरवताना मुलाचा पगार सांगतात तसा, बोनससकट.

म्हैसूरमध्ये मी उभा जन्म हाच धंदा केला. आता दुकान जावई बघतो. मी सकाळी जाऊन बाकावर बसतो आणि विचारलं नसताना सल्ले देतो. आमचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा-पणजोबा कापड रंगवायचे, छापायचे, आणि वडिलांच्या हातावर तो रंग शेवटचा चढला. ते म्हणायचे, कापड किती पितं ते रंगाला विचारू नये, कापडाला विचारावं. कापडाच्या वाटेला मी गेलो नाही, पण हे वाक्य आयुष्यभर वापरलं. अँप्लिफायर देणारा, सबवूफर घेणारा. देणाऱ्याने सतत किती द्यावं आणि घेणाऱ्याने सतत किती घ्यावं हे जुळलं पाहिजे. घेणारा विजेला किती अडवतो तेही बघावं लागतं; त्याला ओहम म्हणतात. फार कमी अडवणारा स्पीकर जोडला की अँप तापतो, लाल दिवा लावतो आणि गप्प बसतो. शेवटी ज्या लाकडी बॉक्समध्ये स्पीकर बसवायचा तो त्याच्या मापाचा हवा. एवढंच शास्त्र आहे. बाकीचं सगळं गिऱ्हाइकाची समजूत काढणं.

ती नेहमी निघते असं नाही. हुणसूरच्या एका तंबाखू व्यापाऱ्याचा मुलगा नवी गाडी घेऊन आला. दोन भलेमोठे सबवूफर त्याला कुणीतरी भेट दिले होते, आणि अँप होता बारका. लोकांना वाटतं, मोठा अँप स्पीकर जाळतो. खरं तर जास्त स्पीकर जळतात ते लहान अँपमुळे. त्याला झेपत नाही, तरी आपण बटण पिळत राहतो. मग तो आवाजाचे शेंडे कापून चपटा करून पाठवतो आणि आतली तारेची गुंडाळी नुसती तापत राहते. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि जोडून घेतलं. पुढच्याच आठवड्यात फोन. “अण्णा, वास येतोय. पण आवाज अजून थोडा आहे.” जळक्या गुंडाळीचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मी म्हटलं, “आता गाणं बंद कर आणि खिडक्या उघड.” दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

उलट अनुभव बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतल्या एका तरुण भिक्षूचा. मठाची व्हॅन घेऊन आला, लाल वस्त्रं, पायात स्पोर्ट्स शूज, आणि कन्नड माझ्याहून चांगलं. त्याच्याकडे त्यांच्या प्रार्थनेचं रेकॉर्डिंग होतं. म्हातारे भिक्षू ओळीने बसून अगदी पोटातून, खोल खर्जात म्हणतात ते. व्हॅनच्या स्पीकरवर ते डासांच्या थव्यासारखं ऐकू यायचं. मी साधा, मध्यम सबवूफर घेतला, त्याला बरोबर पुरेल एवढाच अँप, आणि चारी बाजूंनी बंद बॉक्स. लावून सुरू केलं तर दुकानातल्या काचा थरथरल्या. तो डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, “आता म्हातारे आले.”

ही गोष्ट मी जो भेटेल त्याला सांगायचो. शकुंतला टीचरनाही सांगितली होती, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

टीचर म्हणजे माझ्या मुलीला गणित शिकवणाऱ्या. त्यांचे यजमान श्रीनिवासराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आपल्या मराठी लोकांच्या गणेशोत्सवात माईक नेहमी त्यांच्या हातात असायचा, कारण आवाज. विहिरीतून यावा तसा. ‘दुसऱ्या पंगतीला बसणाऱ्यांनी वर यावं’ असं ते म्हणाले की भूक नसलेला माणूसही उठायचा. हल्लीच्या मुलांना पंगत म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून तेच लगेच कन्नडमध्ये सांगायचे. त्याच आवाजात मला कित्येकदा म्हणाले होते, “काय नामदेवराव, सगळ्या गावाला बहिरं करून झालं का?”

ते अचानक गेले. त्यांच्या मागे काही महिन्यांनी टीचर त्यांची गाडी स्वतः चालवत दुकानात आल्या. नवऱ्याच्या हयातीत त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता; आता क्लास लावून शिकल्या होत्या. गाडी फुटपाथला हात-दीड हात सोडून उभी केली, आणि मग एक गोष्ट केली ती मी पहिल्यांदाच पाहत होतो. चालकाच्या बाजूने उतरल्या, वळसा घालून गेल्या आणि डाव्या सीटवर जाऊन बसल्या.

“या नामदेवराव, बसा की तिकडे,” त्यांनी उजवी सीट दाखवली. “स्वल्प ऐकून बघा.”

त्यांच्या फोनमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत असे. मुलाने कधीतरी तसं करून ठेवलं होतं, बाईंना पत्ताही नव्हता. श्रीनिवासराव गेल्यावर ते सापडलं. त्यांनी गाडीच्या सिस्टीमला फोन जोडला. दारातल्या कंपनीच्या साध्या स्पीकरमधून आवाज आला: “शकू, कोथिंबीर आहे का घरात? नको? नक्की?” मग दुसरा: “शकू, औषधाचं नाव परत सांग.” आणि तिसरा, सगळ्यांत लहान: “शकू, आलो. गेट उघड.”

श्रीनिवासराव गाडी घराबाहेर उभी करून हॉर्न वाजवत नसत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. फोन करत. हे वाक्य वाजलं आणि टीचरांचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी तो मागे घेतला.

“ह्यांचा आवाज असा नव्हता ना, अल्वा?” त्या म्हणाल्या. “असा पातळ? तुम्ही त्या बैलकुप्प्याच्या लोकांचे म्हातारे आणले म्हणालात. तसं ह्यांना आणा की.”

धंदा म्हणून दोन वाक्यं बोलून एखादा सबवूफर गळ्यात मारता आला असता, पण माझ्याच्याने ते होईना. मी त्यांना समजावलं. भिक्षूंचं रेकॉर्डिंग चांगल्या माईकवर केलेलं, खालचं सगळं त्यात भरलेलं होतं. मी नुसतं दार उघडलं. फोनच्या वाटेने आवाज जातो तेव्हा वाटेतच त्याचं खालचं टोक कापलं जातं. बोलणं कळावं एवढाच मधला तुकडा पलीकडे पोचतो. जे भरलंच नाही ते बाहेर कुठून येणार? शिवाय सबवूफर ढोलासाठी, गाण्याच्या ठेक्यासाठी. माणसाचा आवाज हे दारातल्या स्पीकरचं काम. श्रीनिवासरावांसारख्या खर्जातल्या माणसाच्या आवाजाचा खालचा भाग तेवढा दोघांच्या सीमेवर येतो.

त्या गणिताच्या बाई. सगळं नीट ऐकून घेतलं. “मग फोनवर मला इतकी वर्षं तो आवाज त्यांचाच कसा वाटायचा?”

“टीचर, उरलेलं तुमचा कान भरून काढतो. माणूस रोज घरात असतो ना, मग कानाला पाठ असतं.”

“आता घरात नाहीत,” त्या म्हणाल्या. “आता कान भरून काढेनासा झाला तर?”

माझ्या वडिलांचा आवाज माझ्याकडे कुठल्याच रूपात नाही, ना टेपवर ना डोक्यात. रंगाच्या हंड्याला काठी लागल्याचा आवाज आठवतो, त्यांचा नाही. म्हणून असेल, मी म्हटलं, “थोडे दिवस द्या. बघतो.”

गणेशोत्सवाला साउंड लावणारा शेखर माझा जुना दोस्त. तो आपल्या मिक्सरवरून सगळा कार्यक्रम थेट रेकॉर्ड करून ठेवतो. हवेतून नाही, माईकमधून सरळ, म्हणजे काहीच न कापता. त्याने कपाटातले पेनड्राइव्ह उपसले आणि एकात श्रीनिवासराव निघाले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. टीचरना फोन केला आणि कामाला लागलो.

आयुष्यात मी लावलेल्या सिस्टीममध्ये ही सगळ्यांत चांगली होती, हे मी आजही सांगेन. मोठा सबवूफर घेतलाच नाही. मोठा कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, जड असतो, उशिरा हलतो. गाण्यात चालतं, बोलण्यात शब्द ओढल्यासारखे वाटतात. लहान, हलक्या कोनाचा निवडला. त्याला सतत पेलेल त्याहून किंचित जास्त देणारा अँप घेतला आणि तो कमीवर ठेवला, म्हणजे त्याला कधी ताणावं लागू नये. बॉक्स बंद आणि हाताने बनवलेला. दारातले स्पीकरही बदलले. स्पीकरच्या तारा उलट लागल्या नाहीत ना ते मी अजून पेन्सिल सेल टेकवून बघतो. कोन बाहेर सरकला की तारा बरोबर. जावई हसतो, पण बघतो मी.

मग आवाज लावायची वेळ आली. आमच्यात रीत अशी की गाडीचा आवाज चालकासाठी लावायचा. गाडीचा मालक तो, खर्च त्याचा. मी टीचरना उजवीकडे बसायला सांगितलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “मी डावीकडे बसते. बोलणारे उजवीकडे असत.”

इतक्या वर्षांत डाव्या सीटसाठी लावलेली ती माझी एकच गाडी. उजव्या दाराचा आवाज थोडा वाढवला, डावा उतरवला, डिक्कीतला मागून येतो असं जाणवू नये म्हणून खूप वेळ घेतला. शेवटी आवाज अगदी रिकाम्या सीटवर, डोकं असेल त्या उंचीला येऊन थांबला.

पेनड्राइव्ह लावला. “हॅलो. माईक टेस्टिंग. ओंदु, एरडु, मूरु. शेखर, बरं आहे का?” मग खाकरून: “ज्यांची पांढरी गाडी गेटासमोर उभी आहे त्यांनी कृपया ती काढावी. दुसऱ्या पंगतीला बसणाऱ्यांनी वर यावं.”

श्रीनिवासराव गाडीत बसले होते. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. टीचर उजवीकडे वळून बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. “हेच,” म्हणाल्या, “हेच हे.” परत लावायला सांगितलं, परत रडल्या. मला धन्य वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, शेखरला सांगितलं, दुकानात येईल त्याला सांगितलं. भिक्षूची गोष्ट मागे पडली.

मधून मधून त्यांची गाडी मला कुक्करहळ्ळी तळ्याच्या बाजूला झाडाखाली उभी दिसायची. काचा वर, उजवी सीट रिकामी, डावीकडे त्या. मी हॉर्न वाजवत नसे.

पावसाळा सरताना त्या परत दुकानात आल्या. तब्येत उतरली होती. डाव्या सीटवर बसल्या, मला उजवीकडे बसवलं आणि म्हणाल्या, “नामदेवराव, हे काढून टाका. सगळं काढा.”

“आवाज फाटतोय का?”

“नाही हो. चोख आहे. तेच झालं की.” त्यांनी पदर नीट केला. “हा आवाज कुणाशी बोलतो? शेखरशी बोलतो. पांढऱ्या गाडीवाल्याशी बोलतो. दुसऱ्या पंगतीशी बोलतो. माझ्याशी एक शब्द नाही. मी म्हटलं, इरली, असू दे, आवाज तर आहे. ऐकत राहिले. रोज ऐकला. मग एक दिवस फोनवरचा लावला, माझ्याशी बोलणारा. हा बघा.”

त्यांनी फोन लावला. “शकू, आलो. गेट उघड.” माझ्या महागड्या स्पीकरांतून तो आवाज इतका स्वच्छ आला की त्यात काय काय नाही ते सगळं ऐकू आलं. डब्यात तोंड घालून बोलणारा कुणी परका माणूस.

टीचरांचा हात मांडीवरच होता.

“आधी हात जायचा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बघितलाय. आता जात नाही. आता कान सांगतो, हे ते नव्हेत. दोन आवाज आहेत माझ्याकडे. एक त्यांचा आहे, तो मला ओळखत नाही. एक मला शकू म्हणतो, तो त्यांचा राहिला नाही. म्हणजे मी दोनदा घालवलं ह्यांना.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतकी वर्षं मी अँपला सबवूफर जुळवले, सबवूफरला बॉक्स जुळवले. आवाज ज्याच्या कानात पडणार त्या माणसाशी तो जुळतो की नाही हे बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं. ओहम, वॉट, सगळं बरोबर होतं. कापडाला विचारायचं राहून गेलं.

त्या मला दोष देत नव्हत्या, हे जास्त लागलं. “मीच मागितलं,” म्हणाल्या. “तुम्ही नको म्हणत होता.”

गिऱ्हाइकाचे काढलेले कंपनीचे स्पीकर मी टाकत नाही. गाडी विकताना लोकांना ते परत हवे असतात, म्हणून माळ्यावर नंबर लिहून ठेवलेले असतात. टीचरांच्या गाडीचे खाली काढले. कागदी कोन, कडा वाळलेल्या, किंमत म्हणून काही नाही. सबवूफर काढला, अँप काढला, तारा ओढून काढल्या, दारं उघडून ते जुने स्पीकर होते तसे बसवले. डाव्या सीटसाठी लावलेलं सगळं पुसलं. शेवटी टीचरांनी पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. “शेखरला परत द्या. माझ्याजवळ असला तर मी ऐकेन.”

मग फोन लावला. “शकू, आलो. गेट उघड.” आवाज परत पातळ, थोडा खरखरीत, पहिल्या दिवशी होता तसाच. आम्ही दोघं त्यांच्या हाताकडे बघत होतो. तो हलला नाही.

“लगेच कसं होणार?” मी म्हटलं. “कानाला विसरायला वेळ लागतो.”

“हौदु, खरं आहे,” त्या म्हणाल्या. “आता एकदा विसरायचं आणि मग आठवायचं. या वयात.” फिरून उजवीकडे येऊन बसल्या आणि गाडी घेऊन गेल्या.

तो सबवूफर अजून दुकानात आहे. जावई विकू म्हणतो, आणि त्याचं काही चुकत नाही. मालाचा त्यात काय दोष? पण मी अजून कुणाला दिलेला नाही.

गेल्या आयुधपूजेला टीचर गाडी घेऊन दुकानासमोर आल्या. आमच्याकडे त्या दिवशी दुकानातल्या हत्यारांची पूजा असते आणि ओळखीचे लोक गाड्याही तिथेच आणून पूजा करून घेतात. मी हार घातला, बॉनेटवर कुंकू लावलं, कोहळा फोडला. चाकांखाली लिंबं ठेवायची राहिली होती. मी खाली वाकत होतो तेव्हा त्या नेहमीसारख्या वळसा घालून डावीकडे जाऊन बसल्या. दार ओढून घेतल्याचं ऐकू आलं. आतून बारीक आवाज आला, शब्द कळत नव्हते, पण किती शब्दांचं वाक्य आहे ते मला पाठ होतं.

मी वर बघायचं नाही असं ठरवलं. पुढच्या डाव्या चाकाखाली लिंबू सारत राहिलो. जन्मभर आवाज ऐकण्याचं काम केलं, पण एवढा कान देऊन मी काही ऐकलं नव्हतं. वाक्य संपलं. रस्त्यावरून कुणाची तरी सजवलेली रिक्षा गेली.

मग दाराच्या कडीचा खट् आवाज झाला, आणि माझ्या डोक्याशेजारी टीचरांचं पाऊल जमिनीवर टेकलं. त्या घाईने उतरल्या होत्या. हात पुढे करून दोन पावलं चालल्या आणि तिथे गेट नाही हे लक्षात येऊन थांबल्या.